विद्यापीठाच्या महिला सॉफ्टबॉल संघाचा इतिहास कोणत्या वर्षापासून मोजावा?

माळव्याची लेक (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. मी इंदूरची. शारीरिक शिक्षण विषयात पदव्युत्तर शिक्षण घेत आहे आणि आमच्या देवी अहिल्या विद्यापीठाच्या महिला सॉफ्टबॉल संघात कॅचर (फलंदाजाच्या मागे बसून चेंडू झेलणारी) म्हणून खेळते. लघुप्रबंधासाठी मी याच संघाची वाटचाल हा विषय घेतला आहे. विद्यापीठाच्या क्रीडा विभागात कागदपत्रे पाहण्यासाठी रीतसर अर्ज करण्यापूर्वी नेमके काय शोधायचे आणि ते कसे वाचायचे याची तयारी असावी, म्हणून येथे विचारते आहे.

माझी मुख्य अडचण आरंभाची आहे. मार्गदर्शकांचे म्हणणे असे की, ज्या वर्षी विद्यापीठाने अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धेसाठी महिलांचा संघ प्रथम अधिकृतपणे पाठवला, ते वर्ष संघाच्या स्थापनेचे मानावे. याउलट ज्या ज्येष्ठ खेळाडूंशी मी आतापर्यंत बोलले, त्या सांगतात की अधिकृत संघ जाण्याच्या कितीतरी आधीपासून निरनिराळ्या महाविद्यालयांतील मुली एकत्र येऊन खेळत होत्या, आपसांत सामने ठरवत होत्या आणि पुढे त्यांतल्याच काही जणींची निवड झाली. त्या मुलींना इतिहासाबाहेर ठेवणे मला पटत नाही, पण केवळ आठवणींवर विसंबून प्रबंधात वर्ष लिहिता येत नाही, हेही कळते.

माझ्या आईच्या एका मैत्रिणीने जपून ठेवलेले जुने स्कोअरबुक मला मिळाले आहे. ते पेन्सिलीने भरलेले असून मुखपृष्ठावर फक्त ‘इंदौर’ एवढेच लिहिले आहे. आत आडनावे आणि आद्याक्षरे आहेत; वर्ष कोठेही नाही. ज्या देशांत विद्यापीठीय महिला सॉफ्टबॉलची परंपरा जुनी आहे, तेथे असा प्रश्न कसा सोडवला गेला, हे कोणी सांगू शकेल का?

नॉर्मनहून

ताई, तुमचा प्रश्न वाचून फार आनंद झाला. माझे बालपण इंदूरच्या रामबागेत गेले आणि गेली अनेक वर्षे मी अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यात, नॉर्मन या विद्यापीठाच्या गावी राहतो. येथे महिलांच्या सॉफ्टबॉलला जे प्रेम मिळते, ते पाहिले म्हणजे आपल्याकडे होळकर संघाच्या क्रिकेटबद्दल आजोबांची पिढी ज्या अभिमानाने बोलत असे, त्याची आठवण होते. तुम्हाला जो पेच पडला आहे, तोच येथेही पडला होता आणि तो अजून पुरता सुटलेला नाही.

आज कोणालाही विचारले तर अमेरिकेतील विद्यापीठीय महिला सॉफ्टबॉलच्या अधिकृत विजेत्यांची यादी 1982 पासून सुरू होते. त्या वर्षी एनसीएए या आंतरमहाविद्यालयीन क्रीडासंस्थेने महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा घेतली आणि ओमाहा येथे झालेल्या अंतिम सामन्यात यूसीएलए (लॉस एंजेलिसचे कॅलिफोर्निया विद्यापीठ) या संघाने फ्रेस्नो स्टेट विद्यापीठाला 2–0 असे हरवले. परंतु महिलांची ‘कॉलेज वर्ल्ड सिरीज’ ही राष्ट्रीय स्पर्धा त्याच ओमाहा शहरात 1969 मध्येच सुरू झाली होती. मधल्या तेरा वर्षांत एनसीएए महिलांच्या खेळांकडे फिरकलीही नव्हती. शारीरिक शिक्षणाच्या प्राध्यापिका, स्थानिक सॉफ्टबॉल संघटक आणि 1971 मध्ये स्थापन झालेली एआयएडब्ल्यू ही महिलांची स्वतंत्र क्रीडासंस्था यांनीच तो काळ चालवला. संस्था बदलली, यादी नव्याने सुरू झाली आणि आधीच्या विजेत्या दुसऱ्या पानावर गेल्या.

याचे सर्वांत बोलके उदाहरण नेब्रास्का राज्यातील वाहू या लहानशा गावाचे आहे. तेथील जॉन एफ. केनेडी कॉलेजच्या मुलींनी 1969, 1970 आणि 1971 अशी पहिली तीनही विजेतेपदे मिळवली. ते महाविद्यालय 1975 मध्ये बंद पडले. आता त्या विजयाचा झेंडा लावायला क्रीडागृह नाही, वर्धापनदिन साजरा करणारी माजी विद्यार्थी संघटना नाही आणि अधिकृत यादीची सुरुवातही त्यांच्यानंतरची. तरीही या खेळाचा कोणताही प्रामाणिक इतिहास लिहायचा झाला, तर पहिले नाव त्यांचेच घ्यावे लागते. 1982 मध्ये तर एकाच वर्षी दोन राष्ट्रीय विजेते झाले, कारण एआयएडब्ल्यूने आपली शेवटची स्पर्धाही त्याच वर्षी घेतली आणि ती टेक्सास ए अँड एम विद्यापीठाने जिंकली. पुढच्या वर्षी याच संघाने एनसीएएचे विजेतेपदही मिळवले. म्हणजे आदल्या वर्षीचे यश कमी प्रतीचे होते, असे म्हणायला जागा उरली नाही.

मोजण्याच्या या दोन पद्धती आजही शेजारी शेजारी नांदतात. यूसीएलएची एनसीएए विजेतेपदे 12 आहेत. ते विद्यापीठ स्वतः मात्र 1978 चे एआयएडब्ल्यू विजेतेपद धरून 13 मोजते. दोन्ही आकडे खरे आहेत, फक्त प्रत्येकासोबत तो कोणाचा आणि कशाचा, हे लिहिलेले असते. तुम्हीही असेच करावे, असे मला वाटते. ‘अधिकृत सहभागाचे पहिले वर्ष’ आणि ‘संघ म्हणून खेळल्याचा पहिला पुरावा’ अशा दोन वेगळ्या नोंदी ठेवल्या, तर तुमचे मार्गदर्शकही समाधानी होतील आणि त्या ज्येष्ठ खेळाडूंवरही अन्याय होणार नाही.

येथील ओक्लाहोमा विद्यापीठाचे थोडे सांगतो, कारण यशस्वी संघाचा इतिहास लिहिताना काय गाळले जाते, हे त्यावरून दिसते. या संघाने 2021 ते 2024 अशी सलग चार राष्ट्रीय विजेतेपदे जिंकली. 2023 च्या हंगामात 61 सामने जिंकून केवळ एक गमावला आणि 2024 च्या हंगामापर्यंत लांबलेल्या मालिकेत सलग 71 विजयांचा विक्रम केला. 2024 पासून त्यांच्यासाठी नवे, भव्य मैदान उभे आहे. पण पॅटी गॅसो 1995 च्या हंगामात प्रशिक्षक म्हणून रुजू झाल्या, तेव्हा हा संघ रीव्ह्ज पार्क नावाच्या सार्वजनिक उद्यानातील मैदानावर खेळत असे. विद्यापीठाचे स्वतःचे सॉफ्टबॉल मैदान 1998 मध्ये झाले आणि 2000 मध्ये त्यांनी यूसीएलएला 3–1 ने हरवून पहिले विजेतेपद पटकावले. उद्यानातील ती वर्षे वगळली, तर 2000 चा विजय आकाशातून पडल्यासारखा वाटेल. तुमच्या प्रबंधात कोणत्या मैदानावर, कोणाच्या परवानगीने आणि दिवसाच्या कोणत्या वेळी सराव होत असे, यावर एक पूर्ण प्रकरण असावे, असे मी आग्रहाने सांगेन.

एक गोष्ट मात्र तुलना करताना ध्यानात ठेवावी. अमेरिकेत 1972 मध्ये ‘टायटल नाइन’ हा कायदा झाला. सरकारी अनुदान घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत लिंगाच्या आधारे भेदभाव करण्यास त्याने मनाई केली, आणि पुढील काही वर्षांत विद्यापीठांना मुलींच्या संघांसाठी मैदान, प्रशिक्षक व शिष्यवृत्ती यांची तरतूद करावी लागली. आपल्याकडील संघ अशा कायद्याच्या पाठबळावर उभे राहिलेले नाहीत. ते क्रीडाशिक्षकांच्या आणि घरच्यांच्या पाठिंब्यावर उभे राहिले. त्यामुळे दोन्हीकडचा आरंभ सारख्याच मापाने मोजता येणार नाही.

मैदानवेडा

मी इंदूरमध्येच क्रीडाशिक्षक होतो, आता निवृत्त आहे. वयाने मोठा असल्यामुळे तुला एकेरी संबोधतो आहे. वरील प्रतिसाद उत्तम आहे, परंतु एका मुद्द्यावर माझे मत वेगळे आहे. दोन वर्षे लिहिण्यास माझी हरकत नाही. मात्र दुसरे वर्ष लिहिण्यासाठी कागद हवाच. कोणाची आठवण सच्ची असली तरी तिच्यातील वर्ष पुष्कळदा लग्नाच्या, बदलीच्या किंवा घरातल्या एखाद्या प्रसंगाच्या आधाराने लक्षात राहिलेले असते आणि ते दोन-तीन वर्षांनी सहज सरकते. तेव्हा आठवण नोंदव, पण तिच्या शेजारी प्रमाणपत्र, छायाचित्र किंवा वृत्तपत्राचे कात्रण असल्याशिवाय तिला वर्ष चिकटवू नकोस.

कागद शोधताना नावांचा इतिहास तुझ्या फार उपयोगी पडेल. आपले विद्यापीठ 1964 मध्ये ‘इंदौर विश्वविद्यालय’ या नावाने स्थापन झाले आणि 1988 मध्ये त्याला देवी अहिल्या यांचे नाव मिळाले. त्याआधी या भागातील महाविद्यालये 1957 मध्ये उज्जैनला स्थापन झालेल्या विक्रम विद्यापीठाकडे होती. तसेच आज आंतरविद्यापीठ स्पर्धा घेणारी भारतीय विद्यापीठ संघ ही संस्था 1925 पासून ‘इंटर-युनिव्हर्सिटी बोर्ड’ म्हणून ओळखली जात असे. सध्याचे नाव तिला 1973 मध्ये मिळाले. म्हणून प्रमाणपत्रावर वर्ष पुसट झाले असले, तरी वरच्या बाजूला छापलेल्या नावांवरून कालखंड ठरवता येतो. तुझ्या स्कोअरबुकवरील ‘इंदौर’ हा शब्द विद्यापीठाचा, शहराचा की जिल्ह्याचा संघ दर्शवतो, हे आधी तपास. जिल्हा संघ आणि विद्यापीठ संघ यांत त्याच मुली असत, आणि येथेच बहुतेकांची गफलत होते.

भारतात हा खेळ दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकी सैनिकांबरोबर आला. जोधपूर येथे 1961 मध्ये राष्ट्रीय संघटना स्थापन झाली आणि 1967 मध्ये पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. या दोन तारखा तुझ्या प्रबंधाची बाहेरची चौकट समजाव्यात. कोणी 1967 च्या खूप आधीची हकीकत सांगू लागले, तर ती नाकारू नये, पण दुप्पट काळजीने तपासावी. जगाच्या पातळीवरही एक गोष्ट नमूद करण्यासारखी आहे. महिलांची पहिली जागतिक स्पर्धा 1965 मध्ये मेलबर्न येथे झाली आणि अंतिम सामन्यात ऑस्ट्रेलियाने अमेरिकेला 1–0 ने नमवले. पुरुषांची पहिली जागतिक स्पर्धा त्यानंतर एका वर्षाने, 1966 मध्ये मेक्सिको सिटीत झाली. ऑलिंपिकमध्येही 1996 साली अटलांटात हा खेळ आला तो फक्त महिलांसाठीच. मुलींच्या संघाला मुलांच्या संघाची शेपटी मानून लिहिण्याची जी सवय आपल्याकडे आहे, ती निदान या खेळाच्या बाबतीत तू मोडावीस, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

निकाल शोधायचे असतील, तर आपल्या विद्यापीठाबरोबरच यजमान विद्यापीठांकडेही चौकशी कर. स्पर्धेची भाग्यपत्रिका (कोणाचा सामना कोणाशी, याचा तक्ता) आणि निकालपत्रके यजमान छापत असे आणि संघ परतताना एखादी प्रतच सोबत आणत असे. आपले विद्यापीठ पश्चिम विभागात येते, म्हणजे महाराष्ट्र, गुजरात, राजस्थान आणि गोव्यातील विद्यापीठांचाही विचार करावा लागेल. दुसरा ठेवा म्हणजे ‘नईदुनिया’ या 1947 पासून इंदूरहून निघणाऱ्या दैनिकाच्या जुन्या फायली. शिवाय खेळाडूंच्या घरच्या कपाटांत प्रमाणपत्रे हमखास सापडतील, कारण रेल्वे, पोलीस किंवा बँकेतील खेळाडूंच्या राखीव जागांसाठी तीच कामाला येत आणि ती कोणी फेकत नसे.

एकेकाळची शॉर्टस्टॉप

सरांचा मुद्दा मान्य आहे, तरीही माजी खेळाडू म्हणून मला त्यात थोडी भर घालायची आहे. कागद हा त्याच मुलीचा सापडतो, जी अंतिम संघात निवडली गेली आणि प्रवासाला जाऊ शकली. आमच्या काळात चाचणीत निवड होऊनही बाहेरगावी पाठवायला घरून परवानगी न मिळालेल्या मुली प्रत्येक वर्षी असत. परीक्षेचे वेळापत्रक आडवे आले म्हणून थांबलेल्याही असत. त्यांच्यातली एखादी आमच्यापेक्षा सरस होती, हे आम्ही सगळ्या जाणून होतो. तिचे नाव कोणत्याही प्रमाणपत्रावर नाही. अशा नावांसाठी आठवणीवाचून दुसरा आधार नाही, म्हणून मुलाखतींत ‘संघात कोण होते’ एवढेच न विचारता ‘कोण येऊ शकले नाही’ हेही अवश्य विचारा.

दुसरी अडचण तुम्हाला लवकरच जाणवेल. आपल्या मराठी घरांत लग्नानंतर मुलीचे आडनाव तर बदलतेच, पण पुष्कळदा तांदळात नवे नाव लिहून पहिले नावही बदलले जाते. त्यामुळे स्कोअरबुकातील ‘एस. देशपांडे’ आज कोणत्या नावाने, कोणत्या गावी राहतात, हे मतदारयादीवरून किंवा समाजमाध्यमांवरून कळणार नाही. माहेरच्या पत्त्यावरून शोध घ्यावा लागतो. आम्ही काही मैत्रिणींनी जुन्या संघाचा मेळावा भरवला, तेव्हा एकीच्या भावाकडून दुसरीची वहिनी आणि तिच्याकडून तिसरी, असा माग काढावा लागला होता. तुमच्या प्रबंधात परिशिष्ट म्हणून प्रत्येक खेळाडूचे खेळतानाचे नाव आणि आजचे नाव, अर्थात त्यांची संमती घेऊन, शेजारी शेजारी दिलेत, तर पुढच्या अभ्यासकांवर मोठे उपकार होतील.

छायाचित्रांबद्दल एक सूचना. चेंडूच्या रंगावरून वर्ष ठरवण्याचा मोह टाळा. अमेरिकी विद्यापीठांत 1993 पासून पिवळा चेंडू आला, पण आपल्याकडे जे मिळेल ते साहित्य वापरले जात असे आणि सरावाला झिजलेला पांढरा चेंडू खूप नंतरपर्यंत चालत असे. त्याऐवजी गणवेशावर छापलेले नाव, मागे दिसणारी इमारत आणि हातमोज्यांची संख्या पाहा. सुरुवातीच्या छायाचित्रांत सर्वच क्षेत्ररक्षकांच्या हातांत मोजे नसत. सराव बहुतेक वेळा क्रिकेटच्या मैदानाच्या एका कोपऱ्यात होई. एकमेकांपासून साठ फुटांवरचे बेस (धावताना गाठायचे थांबे) आम्ही दोरीने मापून चुन्याने आखत असू आणि क्रिकेटवाले येण्यापूर्वी आवरते घेत असू. नॉर्मनच्या दादांनी मैदानावर प्रकरण लिहा असे सुचवले आहे, ते अगदी योग्य आहे.

माळव्याची लेक

सर, ताई आणि दादा, आपले मनापासून आभार. आरंभाची दोन वर्षे वेगवेगळी लिहायची आणि दुसऱ्या वर्षासाठी किमान एक कागद मिळाल्याशिवाय ते ‘अंदाजे’ असेच नोंदवायचे, असे मी ठरवले आहे. मार्गदर्शकांनाही ही मांडणी पसंत पडली. ‘कोण येऊ शकले नाही’ हा प्रश्न मी मुलाखतीच्या यादीत अगदी वर घेतला आहे.

स्कोअरबुकाबद्दल मात्र अजून एक शंका आहे. आजकाल आमचे गुणलेखन बरेचसे मोबाइलवर होते, त्यामुळे हाताने लिहिलेल्या काही खुणा मला उलगडत नाहीत. ‘6–3’ आणि ‘6–4–3’ (चेंडू कोणत्या क्षेत्ररक्षकाकडून कोणाकडे गेला) समजले, पण काही ठिकाणी इंग्रजी ‘के’ हे अक्षर सरळ आहे आणि काही ठिकाणी उलटे, आरशात पाहिल्यासारखे आहे. एका पानावर तर ‘के’च्या खाली ‘2–3’ असे लिहिले आहे. एकाही पानावर कॅचरचे नाव स्वतंत्रपणे दिलेले नाही, आणि मी स्वतः कॅचर असल्याने त्या काळी ही जागा कोण सांभाळत होते, हे जाणून घेण्याची मला विशेष ओढ आहे.

मैदानवेडा

हे सोपे आहे आणि तुझे उत्तर त्याच पानावर आहे. तीन स्ट्राइक झाले की फलंदाज बाद होते; सरळ ‘के’ म्हणजे ती तिसऱ्या स्ट्राइकवर बॅट फिरवून बाद झाली. उलटे ‘के’ म्हणजे तिने बॅट फिरवलीच नाही आणि पंचांनी तो चेंडू स्ट्राइक दिला. एखाद्या सामन्यात उलटे ‘के’ अधिक दिसले, तर त्या दिवशी पिचरचा (चेंडू टाकणारीचा) चेंडू कडेवर अचूक पडत होता किंवा फलंदाजांना तिचा वेग उमगत नव्हता, असे अनुमान काढता येते. वृत्तपत्रातील दोन ओळींच्या बातमीत ही माहिती कधीच मिळणार नाही.

‘के’खालील ‘2–3’ चा अर्थ असा की, तिसरा स्ट्राइक कॅचरच्या हातून निसटला, फलंदाज पहिल्या बेसकडे धावली आणि कॅचरने चेंडू उचलून पहिल्या बेसवर फेकून तिला बाद केले. या लेखनात क्षेत्ररक्षकांचे क्रमांक ठरलेले असतात: 1 पिचर, 2 कॅचर, 3 ते 5 अनुक्रमे पहिला, दुसरा आणि तिसरा बेस, 6 शॉर्टस्टॉप (दुसऱ्या व तिसऱ्या बेसच्या मधली), आणि 7 ते 9 डावीकडून उजवीकडे बाहेरचे क्षेत्ररक्षक. हे क्रमांक गणवेशावरच्या क्रमांकांहून वेगळे असतात.

आता पानाच्या डाव्या कडेला, फलंदाजांच्या नावांच्या लगतचा अरुंद रकाना पाहा. त्यात प्रत्येकीच्या नावासमोर एकच आकडा असेल. ज्या नावासमोर 2 आहे, ती तुझी कॅचर. सामन्यादरम्यान जागा बदलली असेल, तर 2 खोडून किंवा तिरपी रेघ देऊन दुसरा आकडा लिहिलेला असेल आणि ज्या डावात बदल झाला त्याचा क्रमांक बारीक अक्षरात शेजारी असेल. मात्र हा तक्ता ज्या संघाची फलंदाजी दाखवतो, त्याच संघाचे क्षेत्ररक्षण समोरच्या पानावरील ‘2–3’सारख्या खुणांत असते, म्हणून दोन्ही पाने एकत्र ठेवूनच वाच. सर्व सामन्यांतील 2 क्रमांकाची नावे एका कागदावर उतरवून काढलीस, की ती यादी घेऊन वरच्या शॉर्टस्टॉपबाईंकडे जा. आडनावे त्या ओळखतील.

एकेकाळची शॉर्टस्टॉप

अवश्य पाठवा. नावांबरोबर प्रत्येक पानावरील प्रतिस्पर्धी संघाचे नावही लिहा, कारण कोणत्या संघाविरुद्ध आम्ही कोठे खेळलो, हे कळले तर प्रवास आठवतो आणि प्रवासावरून वर्ष. शक्य झाल्यास पानांची छायाचित्रे दिवसाच्या उजेडात, तिरपा प्रकाश पडेल अशी काढा. पेन्सिलीच्या पुसट रेघा तशा अधिक स्पष्ट दिसतात.